औषध आधी बिघडवून पाहावं लागतं

आमच्या लॅबमध्ये नवी मुलगी रुजू झाली की पहिल्या आठवड्यात मी तिच्या हातात ओमेप्राझोल देते. ॲसिडिटीवर घेतात तेच. मुलगी एमएस्सी झालेली असते, औषध म्हणजे जपायची वस्तू हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि मी तिला सांगते, ‘आता हे बिघडव.’

ती पावडर मिथेनॉलमध्ये विरघळवते. द्रावण पाण्यासारखं नितळ. त्यात पिपेटने ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडलं की पाहता पाहता रंग चढायला लागतो. आधी फिकट पिवळा, मग गुलाबीसर, आणि थोड्याच वेळात जांभळट तपकिरी. शेजारच्या फ्लास्कमध्ये तेच औषध सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये असतं. ते तेवढ्या वेळात नितळच राहतं. मुलगी दोन्ही फ्लास्क उजेडाकडे धरून बघते. ‘मॅडम, मग पोटात याचं काय होत असेल?’ असं ज्या लगेच विचारतात, त्या पुढे चांगलं काम करतात असा माझा अनुभव आहे.

पोटात तेच होईल, कारण जठरातलं ॲसिडही फार वेगळं नाही. पीएच ४ च्या खाली गेला की दहा मिनिटांच्या आत निम्मं ओमेप्राझोल संपतं. म्हणून कॅप्सूलमधल्या मोहरीएवढ्या दाण्यांवर एक पातळ आवरण चढवलेलं असतं. ते जठरात विरघळत नाही, पुढे लहान आतड्यात विरघळतं. तिथून औषध रक्तात जातं, रक्तातून जठराच्या भिंतीतल्या ॲसिड बनवणाऱ्या पेशींपर्यंत पोचतं, आणि तिथे मात्र ॲसिडच त्याचं रूप बदलतं. ते बदललेलं रूप ॲसिडचा पंप बंद करतं. फ्लास्कमध्ये ज्या रासायनिक क्रियेने औषधाचा नाश होतो, तिचीच सुरुवात योग्य जागी झाली तर तो उपचार ठरतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नाही म्हणून हे दाणे खलात कुटून देणारे लोक मला भेटतात. कृपा करून तसं करू नका. पँटोप्राझोलची गोळीही त्याच कुळातली, तीही कुटायची नसते. गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, दुसरा मार्ग असतो.

मी नवी मुंबईजवळच्या एका औषध कंपनीत ॲनॅलिटिकल डेव्हलपमेंट विभागात काम करते. औषध मुद्दाम बिघडवण्याच्या या कामाला आमच्याकडे फोर्स्ड डिग्रेडेशन म्हणतात. मुली रोजच्या बोलण्यात ‘एफडी लावली’ एवढंच म्हणतात. एका बॅचचा नमुना घ्यायचा आणि त्याला ॲसिडमध्ये, अल्कलीमध्ये, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, कोरड्या उष्णतेत, दमट हवेत आणि प्रखर प्रकाशात ठेवायचं. मग तो कुठे मोडतो, किती मोडतो आणि मोडल्यावर त्यातून काय तयार होतं ते बघायचं. आंतरराष्ट्रीय सुसूत्रीकरण परिषदेच्या, म्हणजे आयसीएचच्या, २००३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे सगळं मागितलं आहे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते, कारण पुष्कळ लोक, अगदी औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थीसुद्धा, इथे गोंधळतात. गोळीच्या पाकिटावरची एक्स्पायरीची तारीख या चाचणीतून निघत नाही. तिच्यासाठी स्टॅबिलिटी चेंबर असतात. चाळीस अंश तापमान आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रतेला माल सहा महिने ठेवतात, आणि ज्या देशात विकायचा तिथल्या हवामानाप्रमाणे सौम्य स्थितीत वर्षानुवर्षं ठेवतात. ठरलेल्या महिन्याला नमुना बाहेर काढून तपासतात. तिथे पास-नापास असतं. फोर्स्ड डिग्रेडेशन त्याच्या आधी होतं, काही दिवसांत उरकतं, आणि त्यात पास-नापास काही नाही. ते फक्त शिकण्यासाठी असतं. शिकायचं काय, तर पुढची दोन-तीन वर्षं ज्या पद्धतीने आपण हे औषध तपासणार, तिला बिघाड दिसतो का.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडा विस्ताराने सांगते.

औषध तपासायचं आमचं मुख्य यंत्र म्हणजे एचपीएलसी. त्यात पंचवीस सेंटिमीटर लांबीची, बोटापेक्षा बारीक आतली जागा असलेली स्टीलची नळी असते. तिला कॉलम म्हणतात. तिच्यात काही मायक्रॉनच्या सिलिकाच्या कणांची दाबून भरती केलेली असते. औषधाचं द्रावण मोठ्या दाबाने तिच्यातून ढकललं की त्यातले वेगवेगळे पदार्थ त्या कणांना कमीजास्त चिकटतात आणि वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. बाहेर पडताना डिटेक्टर त्यांची नोंद घेतो आणि स्क्रीनवरच्या सरळ रेषेत एकेक उंचवटा उमटतो. तो पीक. पीकखालचं क्षेत्रफळ मोजलं की पदार्थ किती होता ते कळतं.

आता समजा, औषधाचा बारा टक्के भाग बिघडला आणि त्यातून तयार झालेला पदार्थ नेमका मूळ औषधाबरोबरच बाहेर पडला. स्क्रीनवर एकच देखणा पीक दिसेल. हिशेब लावला तर औषध जवळजवळ शंभर टक्के. रिपोर्टवर सही होईल, माल बाजारात जाईल आणि रोग्याच्या पोटात अठ्ठ्याऐंशी टक्केच औषध जाईल. उरलेलं काय जाईल ते कुणालाच ठाऊक नसेल. हे टाळण्यासाठी आधी स्वतःच्या हाताने औषध बिघडवायचं आणि आपली पद्धत तो बिघाड वेगळा काढून दाखवते का, हे पाहायचं. पीकच्या चढावर, माथ्यावर आणि उतारावर, तिन्ही ठिकाणी वर्णपट सारखाच येतो का ते तपासायचं. सारखा आला तर पीकमध्ये दुसरं कुणी दडलेलं नसण्याची शक्यता मोठी. तरी एवढ्यावर थांबायचं नाही, कारण बिघडलेल्या पदार्थाचा वर्णपट मूळ औषधासारखाच असू शकतो. तिथे मास स्पेक्ट्रोमीटर लागतो.

मग बेरीज करायची. औषध जितकं कमी झालं तितकं नव्या पीकमध्ये दिसायला हवं. बारा टक्के गेलं आणि नवे पीक मिळून सातच टक्के भरले, तर पाच टक्के कुठे गेलं? कॉलमला चिकटून बसलं? वाफ होऊन उडालं? की त्याला अतिनील प्रकाश शोषताच येत नाही म्हणून डिटेक्टरला दिसलं नाही? माझ्या हाताखालच्या मुलींना मी सांगून ठेवलं आहे की बेरीज जुळली नाही तर रिपोर्टमध्ये फक्त आकडा लिहून पुढे जायचं नाही. कारण शोधा, आणि सापडलं नाही तर तसं स्पष्ट लिहा.

बिघडवायचं म्हणजे किती, हाही अनुभवाचा भाग आहे. साधारण पाच ते वीस टक्के बिघाड पुरतो असं आमच्या क्षेत्रात मानतात. आयसीएचच्या सूचना ॲसिड किती तीव्र घ्यावं, किती वेळ तापवावं हे सांगत नाहीत. ती पोकळी भरून काढणाऱ्यांत मोहालीच्या नायपर या संस्थेतले प्रा. सरनजित सिंग यांचं नाव आदराने घ्यायला हवं. २००० साली त्यांनी मोनिका बक्षी यांच्यासह एक लेख प्रसिद्ध केला. मधल्या एका स्थितीपासून सुरुवात करा, औषध पुरतं संपलं तर सौम्य करा, काहीच झालं नाही तर कडक करा, आणि त्यावरून औषध किती टिकाऊ ते ठरवा, अशी पायरीपायरीची रीत त्यांनी घालून दिली. अनेक प्रयोगशाळांनी ती उचलली.

सगळंच औषध उकळून काळं केलं की भरपूर पीक दिसतात आणि रिपोर्ट भरगच्च वाटतो, पण त्याचा उपयोग नाही. तुकड्यांचे पुढे आणखी तुकडे होतात, आणि जे पदार्थ पाकिटातल्या गोळीत कधी तयारच होणार नाहीत त्यांच्यामागे महिने जातात. उलट, कडक स्थितीतही औषध हललं नाही तर ‘हललं नाही’ हेच उत्तर आहे. ते लिहायला लाजू नये.

पेरॉक्साइडची चाचणी बाहेरच्या माणसाला ओढूनताणून केल्यासारखी वाटते. गोळीत हायड्रोजन पेरॉक्साइड कुठून येणार? येतं. गोळी बांधायला पोव्हिडोन नावाचा पदार्थ सर्रास वापरतात आणि त्याच्यात पेरॉक्साइडचा अंश असतो. महिनोन् महिने तो औषधाला खेटून बसलेला असतो. म्हणून तीन टक्क्यांच्या पेरॉक्साइडमध्ये औषध काय करतं, हे आधी पाहिलेलं बरं.

प्रकाशाच्या चाचणीचं मला कॉलेजपासून आकर्षण आहे. नियमाप्रमाणे नमुन्याला किमान बारा लाख लक्स-तास दृश्य प्रकाश द्यायचा आणि वर चौरस मीटरला दोनशे वॉट-तास अतिनील किरण. चेंबरमध्ये काचेच्या उघड्या बशीत पावडर पसरून ठेवतात आणि अगदी शेजारी तीच पावडर ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून. चेंबरमध्ये उष्णताही असते ना. दोन्हींतला फरक तोच प्रकाशाचा परिणाम. रक्तदाबावरचं निफेडिपिन या चाचणीत फार लवकर हात टेकतं. पिवळ्या रंगाचं हे औषध साध्या दिवसाच्या उजेडात मोडतं, म्हणून त्याचं काम पिवळ्या दिव्याखाली आणि तपकिरी काचेच्या भांड्यांत करतात. पाकिटावर ‘प्रकाशापासून दूर ठेवा’ असं छापलेलं असतं, त्यामागे या दोन बशा असतात.

उष्णतेचं गणित स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसने १८८९ मध्ये मांडलं. ढोबळ मानाने, तापमान दहा अंशांनी वाढलं की बिघाडाचा वेग दुपटीच्या आसपास जातो. औषधागणिक हे कमीजास्त होतं. माझं माहेर अकोल्याचं. तिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि पाकिटावर लिहिलेलं असतं ‘३० अंशांखाली ठेवा’. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात किती तापत असेल याचा विचार करा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर त्याहून जास्त.

कोकणात शत्रू म्हणजे ओलावा. हृदयरोगासाठी रोज घेतात ती ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनची गोळी घ्या. ॲस्पिरिनला पाणी मिळालं की त्याचे दोन तुकडे होतात, सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसिटिक ॲसिड. दुसरं म्हणजे व्हिनेगरचं ॲसिड. उघड्या डबीत राहिलेल्या जुन्या ॲस्पिरिनला येणारा आंबट वास त्याचाच. अशा गोळीच्या द्रावणात फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला तर जांभळा रंग येतो. बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये फिनॉल ओळखायला करतात तीच परीक्षा. आठवड्याच्या गोळ्या कप्प्यांच्या डबीत काढून ठेवणं वृद्धांसाठी सोयीचं आहे, त्याला माझा विरोध नाही. पण पावसाळ्यात महिन्याभराच्या गोळ्या पाकिटातून काढून एकत्र भरू नका.

औषधं एकेकटी टिकतात आणि एकत्र आली की एकमेकांना मोडतात, असंही होतं. भारतात याचं सगळ्यात मोलाचं उदाहरण क्षयरोगाच्या चार औषधांच्या एकत्र गोळीचं आहे. रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. ॲसिडमध्ये रिफाम्पिसिन आधीच हळूहळू मोडतं. त्यातून जो पदार्थ तयार होतो त्याला आयसोनियाझिड जाऊन चिकटतं, आणि मोडण्याचा वेग वाढतो. सरनजित सिंग यांच्याच गटाने या गोळ्या पॅकिंग काढून चाळीस अंश आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रतेत ठेवल्या तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. इथॅम्ब्युटॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्या ओलाव्यात रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड एकमेकांना गाठतात, आणि गोळीचं रंगरूपसुद्धा बिघडतं. या गोळीचं पाकीट पाणी आत न सोडणारंच असायला हवं, हे त्यातून ठरतं. क्षयरोगाच्या उपचारात रिफाम्पिसिन कमी पडलं तर काय होतं, हे आपल्या देशात वेगळं सांगायला नको.

आता रॅनिटिडिनबद्दल. हे सांगितलं नाही तर माझं लिहिणं एकांगी होईल.

रॅनिटिडिन १९८१ पासून बाजारात होतं. जगात सर्वाधिक खपणाऱ्या औषधांपैकी एक. आपल्याकडे तर ते घरोघरी होतं. फोर्स्ड डिग्रेडेशन, स्टॅबिलिटी, सगळं नियमाप्रमाणे झालेलं. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, जाहीर केलं की काही रॅनिटिडिनमध्ये एनडीएमए सापडलं आहे. हा पदार्थ माणसात कर्करोग घडवू शकतो असं मानलं जातं. त्याच्या आधी २०१८ मध्ये वल्सार्टान या रक्तदाबाच्या औषधातही एनडीएमए सापडलं होतं, पण तिथे ते कारखान्यातल्या प्रक्रियेतून आलं होतं. रॅनिटिडिनचं वेगळं निघालं. इथे औषधाचा रेणूच कालांतराने मोडून एनडीएमए तयार करत होता. साध्या साठवणीतही ते वाढत होतं, आणि तापमान जास्त असेल तर आणखी वेगाने. १ एप्रिल २०२० रोजी एफडीएने सगळ्या उत्पादकांना माल बाजारातून काढून घ्यायला सांगितलं. भारताने २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून रॅनिटिडिन वगळलं.

इतकी वर्षं ते कुणाला दिसलं कसं नाही? याचं उत्तर आकड्यांत आहे. एनडीएमएची दिवसाची मर्यादा ९६ नॅनोग्रॅम. रॅनिटिडिनचा दिवसाचा डोस साधारण ३०० मिलिग्रॅम. म्हणजे औषधाच्या दहा लाख भागांत एक तृतीयांश भागाहूनही थोडं कमी. आमची नेहमीची इम्प्युरिटीची पद्धत ०.०५ टक्क्यांपासून नोंद घेते, म्हणजे दहा लाखांत पाचशे भाग. दोन्हींत दीड हजार पटींचं अंतर आहे. एनडीएमए हा इवलासा रेणू कॉलममध्ये फारसा थांबत नाही, सुरुवातीलाच निघून जातो, आणि सुरुवातीची गर्दी आम्ही बहुधा ब्लँकची, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या द्रावकाची, म्हणून सोडून देतो. पद्धत चुकीची नव्हती. तिला तो प्रश्नच विचारलेला नव्हता.

पण प्रश्न विचारता आला असता, असं माझं स्पष्ट मत आहे. रॅनिटिडिनची रचना कागदावर काढा. एका टोकाला डायमिथिलअमाइनचा गट, दुसऱ्या टोकाला नायट्रो गट. एनडीएमए तयार व्हायला लागणारं दोन्ही साहित्य एकाच रेणूत बसलेलं आहे. पाच फ्लास्क लावले, पीक मोजले, वर्णपट जुळून पीक प्युरिटी पास झाली, एवढ्यावर चाचणी संपत नाही. तिच्या आधी रेणूसमोर बसून, ‘याच्यातून सगळ्यात वाईट काय निघू शकेल?’ असं विचारावं लागतं, आणि त्या उत्तराला पुरेल असं यंत्र निवडावं लागतं. म्हणून आता ओमेप्राझोलनंतर मी नव्या मुलींना रॅनिटिडिनची रचना काढायला लावते. पावडर द्यायच्या आधी पेन्सिल देते.

वाचकांच्या हातात ना एचपीएलसी ना मास स्पेक्ट्रोमीटर. तुमच्या हातात पाकीट आहे, आणि ते पाकीट या सगळ्या कामाचा भाग आहे. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली पट्टी कंपनी शोभेसाठी वापरत नाही, ती महाग असते. औषधाला ओलावा किंवा उजेड सोसत नाही असं चाचणीत दिसलेलं असतं. गोळी घ्यायच्या वेळेपर्यंत तिच्यातच राहू द्या. औषधांची जागा स्वयंपाकघरातल्या गॅसजवळ किंवा न्हाणीघरातल्या आरशामागे नको, घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या खोलीत असू द्या. मात्र लिहिलेलं नसेल तर फ्रिजमध्येही कोंबू नका, काढघाल करताना तिथे ओल धरते.

लहान मुलांचं ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलानेटचं ड्राय सिरप पाणी घालेपर्यंत पावडर असतं ते उगीच नव्हे. पाणी मिळाल्यापासून त्याची मोडतोड सुरू होते. तयार केल्यावर ते फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सात दिवसांनी, बाटलीत निम्मं उरलं असलं तरी, टाकून द्यायचं. पुढच्या तापासाठी ठेवायचं नाही.

आणि दुकानदार चार गोळ्या कापून देतो तेव्हा बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेलं टोक बहुतेक वेळा त्याच्याकडेच राहतं. ते कापायच्या आधी बघून घ्या आणि तारीख बिलावर आहे ना ते तपासा. नसेल तर तिथेच थांबून लिहून मागा.